नव्या आवृत्तीतला नकार

ब्राउझर अपडेट करायचा हट्ट माझाच होता. बायकोचा नाही, लेकीचाही नाही. त्यामुळे पुढं जे झालं त्याचा राग नेमका कुणावर काढायचा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. एरवी राग काढायला मला माणूस लवकर सापडतो.

मी हेमंत तेरदाळे. मिरजेत माझं चष्म्याचं दुकान होतं. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड गोल फ्रेम ठेवायची, काच बदलायची आणि विचारायचं, "आता बरं दिसतंय, की मघाचं बरं होतं?" लोक भिडस्त असतात. काही दिसत नसलं तरी 'दिसतंय की' म्हणतात, कारण समोरचा बिचारा एवढी खटपट करतोय. म्हणून मी तोंडच्या उत्तरावर फारसा विसंबायचो नाही. कपाळाला आठी पडते का, डोळा बारीक होतो का, ते बघायचो. धंदा त्याच्यावर चालला.

मग माझ्या शरीराचा कारभार आटोपत आला. रोगाचं नाव लांबलचक आहे. सोप्या भाषेत सांगायचं तर मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत नेणाऱ्या पेशी एकेक करून मरतात. आधी हात गेले, मग पाय, मग जीभ. डोकं मात्र शाबूत राहतं आणि स्पर्शही शाबूत राहतो. पाठीला खाज सुटते ती पूर्ण सुटते, फक्त खाजवता येत नाही. सगळ्यात शेवटपर्यंत साथ देतात ते बुबुळं हलवणारे स्नायू.

माझ्या खाटेला एक लोखंडी दांडा बसवून त्याला स्क्रीन टांगला होता. त्यावर 'गवाक्ष' नावाचा ब्राउझर, आणि ब्राउझरच्या पानावर मोठी मोठी अक्षरं. वरचा कॅमेरा माझी नजर कुठं थांबली ते बघायचा. एका अक्षरावर नजर धरून ठेवली की ते उमटायचं. मग दुसरं. काना वेगळा, मात्रा वेगळी. 'पंखा बंद कर' एवढं लिहीपर्यंत शुभदाची कणीक मळून व्हायची. पण जे उमटायचं ते माझं असायचं. मी त्यावर शिव्यासुद्धा दिलेल्या आहेत, एकेक काना लावून. त्या वाचून शुभदा म्हणायची, "एवढा जीव खर्ची घालून हेच सुचलं होय तुम्हाला?" आणि हसायची. वाचण्याआधी ती नेहमी माझ्या डोळ्यांकडं बघायची.

दवाखान्यातल्या डॉक्टर कुरण्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं की आता पाळी श्वासाच्या स्नायूंची आहे. ते थकले की गळ्याला भोक पाडून नळी बसवायची आणि यंत्रानं हवा आत ढकलायची. त्यावर माणूस वर्षानुवर्षं जगतो. फक्त रोग थांबत नाही. पुढं केव्हातरी डोळेही थांबतात, पापण्याही. मग आत मी जागाच असणार, ऐकत असणार, खाज सोसत असणार, आणि बाहेर कळवायला काही म्हणजे काही उरणार नाही. यंत्र हवा ढकलत राहणार.

मरणाची भीती मला फार नव्हती. या कोंडून पडण्याची होती. मी अक्षर अक्षर जुळवून शुभदाला लिहिलं, 'नळी नको.' तिनं ते वाचलं आणि म्हणाली, "आत्ता कशाला तो विषय? पेज गार होतीय."

पण विषय आत्ताच काढायला हवा होता. पेशंटला उत्तर देता येत असेल तोवर नातेवाइकांचं चालत नाही, असा नियम होता. पेशंटनं स्वतः, दवाखान्याच्या पानावर, डॉक्टरांसमोर उत्तर द्यायचं. आणि उत्तर नोंदलेलं नसेल तर श्वास अडकताच नळी बसणार. मी ते पान उघडायला सांगितलं, तर पांढऱ्या स्क्रीनवर एकच ओळ आली: हे पान पाहण्यासाठी ब्राउझरची नवी आवृत्ती आवश्यक आहे.

आमची लेक गार्गी पुण्याला असते. तिला मी कळवलं, 'ये. अपडेट कर.'

ती शनिवारी आली. शुभदाला हा प्रकार पसंत नव्हता. "चालतंय ते कशाला बिघडवायचं? सगळं नवीन आलं की आधीचं बरं होतं असं वाटतं," ती म्हणाली. गार्गी म्हणाली, "आई, अगं जुन्याला आता कोणी विचारत नाही. आणि नवीन आवृत्ती बाबांसारख्या लोकांसाठीच केलीय. बघ तरी."

नवा ब्राउझर उतरला आणि त्यानं परवानग्या मागायला सुरुवात केली. जुने मेल वाचू का? मेसेज? घरातल्या स्पीकरनं साठवलेली बोलणी? दुकानातल्या कॅमेऱ्याचे आवाज? गार्गी प्रत्येकाला 'हो' म्हणत गेली. "सगळं देऊ या बाबांचं. म्हणजे हा अगदी बाबांसारखा बोलेल." ब्राउझर तासभर माझं आयुष्य वाचत बसला. मग मी नुसतं खिडकीकडं आणि तिथून शुभदाकडं बघितलं, आणि स्क्रीनमधून माझा आवाज आला. दुकानातला, खणखणीत. "शुभदा, अगं ऊन येतंय डोळ्यांवर. पडदा ओढ की."

शुभदाच्या हातातला पेला खाली पडला. ती भिंतीला टेकून रडली. मी पण खूश झालो, उगाच खोटं कशाला बोलू? खरंच ऊन येत होतं. आणि 'की' अगदी माझ्यासारखा लावला होता.

यामागची युक्ती साधी आहे. ब्राउझरसमोर दोन गोष्टी असतात. एक माझी नजर: ती थरथरते, दमते, पाणावते. दुसरा माझा इतिहास: अशा प्रसंगी हा माणूस आजवर काय बोलला आणि शेवटी कसा वागला. दोन्ही तराजूत टाकून तो ठरवतो की याला बहुधा काय म्हणायचं असेल. मोबाईल अर्ध्या शब्दावरून पुढचा शब्द सुचवतो, तसंच. हा फक्त शब्दावर न थांबता अख्खा माणूस सुचवतो. नजर स्वच्छ असेल तर नजरेचं पारडं जड. नजर धूसर झाली की इतिहासाचं. यात लबाडी काहीच नाही. पण माझा रोग म्हणजेच नजर रोज थोडी धूसर होत जाणं. म्हणजे मी जितका थकत जाणार, तितका तो माझ्याविषयी ठाम होत जाणार. हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. ते कुणाला सांगायचं, तर त्याच्याच तोंडून.

कळलं ते पेजेच्या चमच्यावर.

आमच्या घरात पहिला 'नको' कुणी धरत नाही. सासुरवाडीला पंगतीत मी ताटावर दोन्ही हात आडवे धरायचो, आणि बोटांच्या फटीतून पडलेली जिलबी मुकाट खायचो. ती रीतच आहे. लगेच घेणारा हावरट, आणि पहिल्या नकाराला ऐकून निघून जाणारी वाढपीण माणूसघाणी. शुभदानं ही रीत सगळ्या संसाराला लावली. फ्लॅट घ्यायला मी नको म्हणालो होतो. तिनं पुन्हा विचारलं, घेतला. दुकान विकायला मी नको म्हणालो होतो. तिनं पुन्हा विचारलं, विकलं. तिच्या दुसऱ्यांदा विचारण्यात अशी माया असायची की तिथं नाही म्हणणं मला कधी जमलं नाही. आणि घरातला स्पीकर कोपऱ्यात बसून वर्षानुवर्षं हे ऐकत होता.

तर शुभदा चमच्यानं पेज भरवत होती. तोवर मला पातळ गिळता येत होतं. माझं झालं तसं मी बाजूला बघितलं. ब्राउझर म्हणाला, "नको आता."

"दोनच चमचे. माझ्यासाठी."

"बरं, दे. तू काय ऐकणारेस?"

हे मी म्हणालो नव्हतो. पण शुभदा एवढी खुलली की मी ते दोन चमचे गिळले. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी त्यानं मधला टप्पाच गाळला. हा माणूस शेवटी हो म्हणतो, मग त्याला दोनदा कशाला दमवा? मी नजर बाजूला वळवली आणि माझा आवाज म्हणाला, "दे अजून दोन चमचे." दुसरा चमचा श्वासनलिकेत गेला. मला खोकताही येत नाही. शेजारच्या नर्सबाईंनी धावत येऊन नळीनं ओढून काढला तेव्हा मी निळा पडलो होतो.

"एवढी भूक होती होय हो?" शुभदा रडत रडत माझं तोंड पुसत म्हणाली.

जुना अक्षरांचा तक्ता नव्या आवृत्तीतही होता, कुठल्यातरी कोपऱ्यात तीन दारं ओलांडून. मी सगळी दुपार घालवून तिथं पोहोचलो आणि लिहायला लागलो, 'हा मी नाही'. तिसरा शब्द होतोय तोवर त्यानं वाक्य माझ्या हातून घेतलं आणि मोठ्यानं म्हणाला, "हा मी नाही तर कोण, माझं भूत?" फोनवर गार्गी खो खो हसली. "आई, बाबा फॉर्मात आलेत!" खरं सांगायचं तर विनोद माझ्याच जातीचा होता. बरा असतो तर मीच केला असता.

तरी मला एक आशा होती. पेज वेगळी आणि नळी वेगळी. एवढ्या मोठ्या प्रश्नाला तो माझी नजर नीट बघेल. आणि मी ती नीट ठेवीन. त्यासाठी दोन दिवस मी डोळे बहुतेक मिटूनच राहिलो, त्यांना विश्रांती म्हणून.

डॉक्टर कुरणे ठरल्या वेळी स्क्रीनवर आले. दवाखान्याचं पान झटकन उघडलं. शेवटी एवढ्यासाठीच तर अपडेट केला होता. शुभदा पायथ्याशी उभी होती, पुण्याहून पुन्हा आलेली गार्गी तिच्या खांद्यावर हात ठेवून.

"तेरदाळेसाहेब, नियमाप्रमाणे मी फक्त तुम्हाला विचारणार. वहिनी, गार्गी, कृपा करून मध्ये बोलू नका. साहेब, श्वासाच्या यंत्रासाठी गळ्यात नळी बसवायची का?"

स्क्रीनवर डावीकडं 'हो', उजवीकडं 'नाही'. मी उजवीकडं बघितलं. होती नव्हती ती सगळी ताकद बुबुळांत आणली आणि तिथं रोवून ठेवली. कपाळात कळ आली. मी सोडलं नाही.

"नको," माझा आवाज म्हणाला.

मला वाटलं सुटलो. एवढं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

"ठीक," डॉक्टर हळू म्हणाले. "आता नियमाप्रमाणे थोडं थांबून हाच प्रश्न मी पुन्हा विचारणार आहे. पेशंटनं घाईत किंवा निराशेत उत्तर दिलं असेल तर ते धरू नये म्हणून. दुसरं उत्तर अंतिम."

चांगला नियम आहे. कुणीतरी मायेनंच केला असणार. पण दुसऱ्यांदा विचारल्यावर मी काय म्हणतो, ते ब्राउझरला पाठ होतं.

शुभदानं शब्द पाळला, ती बोलली नाही. तिनं पदर तोंडात कोंबला. पण हुंदका काही थांबला नाही. लग्नानंतर मी तिला रडताना पाहिलंय ते मोजकंच, आणि बहुतेक वेळा कारण मीच होतो. तिच्याकडं बघायचं नाही असं ठरवूनही मी बघितलं, आणि माझे डोळे भरून आले. ते पुसायला हात नव्हता. सगळं पाण्यात बुडालं. डावं उजवं दिसेना. मला 'नाही' दिसत नव्हतं आणि कॅमेऱ्याला मी.

"तेरदाळेसाहेब, पुन्हा विचारतो. नळी खरंच नको?"

मी जिथं 'नाही' असेल असं वाटलं तिथं बघितलं. पापण्या आपटल्या. आणि माझा आवाज, थोडा कुरकुरता, थोडा प्रेमळ, अगदी जिलबी पत्करताना असायचा तसा म्हणाला, "बरं, बसवून टाका. तुम्ही सगळे एवढं म्हणताय तर."

शुभदा धाडकन खाटेवर कोसळली आणि माझ्या पायांना मिठी मारून रडायला लागली. गार्गी हसत होती आणि रडत होती. "मला माहीत होतं, बाबा. मला माहीत होतं," ती म्हणाली. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "तुम्ही विचार बदललात, बरं वाटलं," ते म्हणाले आणि पान बंद झालं.

पुढं नळी बसली. हवा आता कोपऱ्यातल्या यंत्राकडून येते, ठरलेल्या तालात. ती मला थांबवता येत नाही, लांबवता येत नाही. मी धुसफुसतो ते फक्त मनात. अन्न पोटात सोडतात.

घर मात्र आनंदी आहे. शुभदाच्या अंगावर पुन्हा मूठभर मांस चढलं. ती माझ्याशी दिवसभर बोलते. स्वयंपाकघरातून ओरडून विचारते आणि ब्राउझर इथून उत्तर देतो. भाजी निवडायला इथं आली तरी माझ्याकडं पाठ करून बसते, खिडकीतला उजेड पाटीवर पडावा म्हणून. पूर्वी एक वाक्य मिळवायचं तर तिला माझ्या डोळ्यांत बघत ताटकळावं लागायचं. आता त्याची गरज उरली नाही. तिला कशाला दोष देऊ? बोलणारा नवरा मिळाल्यावर कुठली बायको मुक्याच्या डोळ्यांत बघत बसेल? त्या बोलणाऱ्याचा मला मत्सर वाटतो. तो माझ्यापेक्षा गोड आहे. तिच्या माहेरच्यांची चौकशी करतो. मी कधी केली नाही.

माझी नजर रोज थोडी घसरतेय. आठवड्यातून एखादं वाक्य माझं निघतं, तेही बहुधा योगायोगानं.

परवा दुपारी शुभदा कपाट आवरत होती. तिथं माझी काचांची पेटी आहे, नंबर काढायची, मखमलीच्या खाचांत ओळीनं भिंगं लावलेली. दुकान विकलं तेव्हा ती मी विकू दिली नव्हती. तिला कुणी हात लावला तरी मी अंगावर जायचो. शुभदानं पेटी हातात घेतली आणि म्हणाली, "ही भंगारवाल्याला घालू का? जागा अडकलीय नुसती."

"घाल की," माझा आवाज म्हणाला. "आता काय करायचीय? तुला सुटसुटीत झालं म्हणजे झालं."

तिनं पेटी खाली ठेवली. माझ्याजवळ आली. खूप दिवसांनी तिचा चेहरा मी इतक्या जवळून बघत होतो.

"नवीन आल्यापासून तुम्ही एकदापण माझ्यावर डाफरला नाहीत," ती म्हणाली. "मला वाटलं, आजारानं मऊ झालात. पण पेटीवरनंसुद्धा नाही?"

"अगं, वय झालं आता—" ब्राउझर सुरू झाला.

"तू गप," शुभदा म्हणाली. मला नव्हे, त्याला. तिनं दांडा धरून स्क्रीन पार भिंतीकडं फिरवला. कॅमेरा भिंतीकडं, आवाज बंद. मधे काही उरलं नाही. माझ्या छातीत असं धडधडायला लागलं की कोपऱ्यातलं यंत्र वाजलं. तिनं त्याचं वाजणं तेवढं बंद केलं.

"मला खरं सांगा." ती म्हणाली. "त्या दिवशी नळीला हो म्हणालात, ते तुम्हीच ना? नसाल म्हणाला तर डोळे मिटून घ्या. मी डॉक्टरांना बोलावते. काय व्हायचं ते होईल. पण खरं सांगा. नसाल तर मिटा."

पापण्या मिटणं मला अजून जमतं. जड होतं, पण जमतं. जे सांगायला मी एवढे महिने भिंतीला डोकं आपटत होतो, ते सांगायला आता एवढंच पुरे होतं.

मी तिच्याकडं बघितलं. तिनं खाटेची कड घट्ट धरली होती. मी डोळे मिटले तर तिला काय काय कळणार होतं, ते सगळं त्या चेहऱ्यावर आधीच येऊन थांबलं होतं. चमचा. पदर. तो हुंदका. मग दवाखान्याला कागद पाठवायचे, नळी काढायची, आणि त्यानंतर या घरात ती एकटी, हे सगळं बरोबर घेऊन, किती वर्षं कोण जाणे. हे तिच्या माथी मारून मी सुटणार होतो.

मी डोळे उघडे ठेवले.

"नक्की?" तिनं विचारलं. अर्थातच विचारलं. तिनं आयुष्यात काही एकदाच विचारलंय होय?

डोळे कोरडे पडले, मिरची गेल्यासारखे झोंबायला लागले. पापणी आपोआप खाली येऊ बघत होती. मला राग आला होता, तिचा, माझा, त्या मायेनं केलेल्या नियमाचा. तरी मी पापणी वर धरून ठेवली, शेवटची ताकद लावून, तिची खात्री पटेपर्यंत. हे उत्तर मात्र माझं होतं. ब्राउझरनं ते कित्येक महिने आधी ओळखलं होतं, एवढंच.

शुभदानं माझ्या कपाळावर कपाळ टेकवलं. "भ्यायले होते हो मी," ती म्हणाली. "उगाच भ्यायले." मग तिनं नाक ओढलं, उठली, स्क्रीन पुन्हा माझ्यासमोर फिरवला आणि त्याचा आवाज चालू केला.